नारायण वामन टिळक

रेव्हरंड नारायण वामन टिळक (जन्म: ६ डिसेंबर १८६१, मृत्यू: ९ मे १९१९) हे मराठी कवी, ख्रिस्ती धर्मोपदेशक आणि संपादक होते. मराठी साहित्यात ते फुलामुलांचे कवी म्हणून ओळखले जातात. महाराष्ट्रातील प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या उपासनेत अभंग, भजन आणि कीर्तन यांना मानाचे स्थान मिळवून देण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राच्या लेखिका लक्ष्मीबाई टिळक या त्यांच्या पत्नी होत.

== पूर्वायुष्य ==

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. आई जानकीबाई धार्मिक वृत्तीच्या होत्या. आईच्या मृत्यूनंतर लहान वयातच टिळकांनी घर सोडले आणि ते नाशिकला आले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृत काव्याचे अध्ययन केले. इंग्रजी शिक्षण मात्र थोडेच झाले. १८८० मध्ये त्यांचा विवाह जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका यांच्याशी झाला. त्याच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून प्रसिद्ध झाल्या.

त्यानंतरची काही वर्षे अस्थिर गेली. शिक्षकी, पुराण-कीर्तन, लेखन असे नाना उद्योग करीत टिळक गावोगाव फिरले. नागपूर येथे आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांसंबंधी काम केले. कीर्तनकार म्हणून या काळात त्यांना आलेला अनुभव पुढील कार्याच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला. श्रोत्यांना बसल्या जागी कसे बांधून ठेवावे, पद कोठे म्हणावे आणि निरूपण कोठे थांबवावे, हे ते धर्मांतरापूर्वीच शिकले होते.

== धर्मांतर ==

१८९३ मध्ये राजनांदगावकडे जाताना रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या एका प्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. तिच्या वाचनातून, विशेषतः डोंगरावरील प्रवचनातून, त्यांच्या मनात ख्रिस्ताविषयी ओढ निर्माण झाली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या मंदिरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो परदेशी मिशनऱ्याच्या हातून न घेता तुकाराम नथोजी या भारतीय पाळकांकडून घ्यावा, असा त्यांचा आग्रह होता. उपासनेतील परकेपणाविषयी त्यांनी नंतर घेतलेल्या भूमिकेचे बीज या आग्रहात दिसते.

या निर्णयाने कुटुंब दुभंगले. लक्ष्मीबाई चार वर्षांहून अधिक काळ पतीपासून दूर राहिल्या. पुढे त्या अहमदनगरला आल्या आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या निश्चयाने बाप्तिस्मा घेतला. टिळक अहमदनगरच्या धर्मशिक्षण विद्यालयात अध्यापन करीत होते. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली.

== उपासनेतील सुधारणा ==

त्या काळी मराठी मंडळ्यांच्या उपासनेत इंग्रजीवरून भाषांतरित केलेली गीते पाश्चात्त्य चालींवर म्हणण्याची पद्धत रूढ होती. ही अडचण केवळ आवडीनिवडीची नव्हती. इंग्रजी गीताची चाल आघातांवर उभी असते, तर मराठी पद्य ऱ्हस्व-दीर्घ अक्षरांवर आणि मात्रांवर चालते. त्यामुळे चालीतला लांब सूर ऱ्हस्व अक्षरावर पडे, शब्द ओढले जात आणि अर्थ हरवे. शिवाय कडव्यामागून कडवे म्हणण्यासाठी हातात पुस्तक आणि अक्षरओळख लागे. खेड्यांतील मंडळ्यांत तर बहुसंख्य लोक निरक्षर होते. यांतील पुष्कळ कुटुंबे महार व मांग समाजांतून आलेली होती. भजन त्यांच्या घरचे होते, पण मंदिरात पाऊल टाकताच ते उंबऱ्याबाहेर राही.

या दिशेने प्रयत्न करणारे टिळक पहिले नव्हते. कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती विषयांवर कीर्तने आणि देशी चालींची पदे रचून हा मार्ग आधीच दाखविला होता. टिळकांनी त्याला प्रथम प्रतीच्या कवीची भाषा दिली. आरंभी त्यांनीही पाश्चात्त्य चालींना अनुसरून गीते लिहिली. भजनाचे सामर्थ्य ध्यानी आल्यावर मात्र त्यांनी अभंग व पद यांवर भर दिला. भजनात नायक एक चरण म्हणतो व मंडळी तोच चरण उचलते, ध्रुपद पुनःपुन्हा येते, टाळ-मृदंग लय धरून ठेवतात. वाचता न येणारी व्यक्तीही दोन-तीन आवर्तनांत गायनात सामील होते आणि गीत पाठ करूनच घरी जाते. उपासकांनी केवळ ऐकत बसू नये, ही टिळकांची दृष्टी या रचनाप्रकारात आपोआप साधली गेली.

आशयाच्या बाबतीत त्यांनी संतपरंपरेशी, विशेषतः तुकारामांशी, असलेले आपले नाते कधी लपविले नाही. किंबहुना तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते मानीत. त्यांच्या पदांत ख्रिस्त हा माउली, सखा आणि गुरू म्हणून येतो. टाळ आणि अभंग सोडून आलेल्यांना पुन्हा त्यांच्याकडेच नेण्यात जुन्या धर्मकल्पना परतण्याचा धोका नाही काय, ही शंका अगदीच निराधार म्हणता येणार नाही. परंतु टिळकांच्या पदांतील शिकवण इतकी स्पष्टपणे ख्रिस्तकेंद्री आहे, की त्यांच्यापुरता तरी तो धोका फारसा उरत नाही.

त्यांची बरीच पदे ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात समाविष्ट झाली. ‘अभंगांजली’ हा त्यांच्या अभंगांचा संग्रहही प्रसिद्ध आहे. १९१२ पासून त्यांनी ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन केले.

== इतर काव्य ==

‘वनवासी फूल’, ‘सुशीला’ आणि ‘केवढे हे क्रौर्य’ या त्यांच्या कविता धार्मिक वर्तुळाबाहेरही वाचल्या गेल्या. बालकवी ठोमरे काही काळ अहमदनगरला टिळकांच्या घरी राहत होते. त्या घरातील वातावरणाचे खेळकर आणि तितकेच निर्भीड चित्र ‘स्मृतिचित्रे’त सापडते.

== देवाचा दरबार ==

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ या नावाने भक्तमंडळ सुरू केले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत, अशी कल्पना होती. भजनाची चाल बदलण्यापेक्षा हे पाऊल पुष्कळच धाडसाचे होते, कारण त्यात मंडळीच्या सीमेविषयीच प्रश्न उभा राहत होता. मात्र कार्य मूळ धरण्याआधीच टिळकांची प्रकृती ढासळली.

== मृत्यू व नंतर ==

९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार ख्रिस्ती समाजातील दफनाची रूढी बाजूला ठेवून त्यांच्या देहावर अग्निसंस्कार करण्यात आला. निकोल मॅकनिकोल यांनी टिळकांच्या काही पदांचे इंग्रजी भाषांतर केले आणि त्यांपैकी काही इंग्रजी गीतसंग्रहांतही गेली. ज्या भाषेतील गीतांच्या भाषांतरांनी मराठी उपासना व्यापली होती, त्याच भाषेत मराठी पदे पोहोचली. ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या हातून अपुरे राहिले होते; त्याचा पुढील बहुतेक भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला.