लुईस बुन्युएल : स्पेनबाहेरचा स्पॅनिश चित्रपटकार

विसाव्या शतकाच्या मध्यावरील स्पॅनिश चित्रपटाचा विचार करू लागले की एक विसंगती प्रथमच जाणवते. ज्याच्या नावाने हा चित्रपट जगाला परिचित आहे, तो लुईस बुन्युएल त्या काळात बहुतांशी स्पेनमध्ये नव्हताच. १९३६ मध्ये यादवी युद्ध सुरू झाल्यावर त्याने देश सोडला, तो सुमारे चोवीस वर्षांनी परतला. या दीर्घ अनुपस्थितीत स्वदेशाशी असलेला त्याचा दुवा मुख्यतः वाङ्मयीन होता. आणि तो दुवा म्हणजे बेनितो पेरेस गाल्दोस (१८४३–१९२०) या कादंबरीकाराचे लेखन, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

बुन्युएलचा जन्म २२ फेब्रुवारी १९०० रोजी आरागॉनमधील कालांदा या गावी झाला. वडिलांनी क्यूबात व्यापार करून संपत्ती मिळविलेली. मुलाचे शिक्षण सारागोसा येथील जेझुइट पाद्र्यांच्या शाळेत झाले. कालांदात गुड फ्रायडेला असंख्य ढोल अखंड बडविले जातात. तो घोष त्याच्या कानांतून पुढे कधीच गेला नाही. माद्रिदच्या विद्यार्थी निवासात लोर्का आणि दाली हे त्याचे स्नेही बनले. पॅरिसमधील अतिवास्तववादी पर्व (१९२९–३०) सर्वश्रुत असल्याने त्याचा विस्तार येथे करीत नाही. मात्र १९३३ मध्ये त्याने लास उर्देस या दरिद्री डोंगराळ मुलखावर काढलेल्या माहितीपटावर बंदी घातली ती प्रजासत्ताकाच्या शासनाने, हे विसरता कामा नये. सत्याचा धाक केवळ हुकूमशहांनाच वाटतो असे नाही.

पॅरिस, न्यूयॉर्क, हॉलिवूड असा प्रवास करीत तो १९४६ मध्ये मेक्सिकोत आला आणि १९४९ मध्ये तेथील नागरिक झाला. ‘लोस ओल्विदादोस’ (१९५०) या मेक्सिको शहरातील उनाड, अनाथप्राय मुलांवरील चित्रपटास १९५१ च्या कान महोत्सवात दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले. इकडे स्पेनमध्ये फ्रँकोच्या राजवटीत कडक अभ्यवेक्षण होते. १९४१ पासून परदेशी चित्रपटांचे स्पॅनिशमध्ये ध्वनिरूपांतर सक्तीचे झाले होते आणि १९४३ पासून प्रत्येक चित्रगृहात सरकारी वार्तापट दाखविणे बंधनकारक होते. या कोंडीतही बेर्लांगा आणि बार्देम यांच्यासारखे तरुण दिग्दर्शक वाट काढीत होते. १९५५ मध्ये सालामांका येथे भरलेल्या परिषदेत त्यांच्या पिढीने आपले असमाधान उघडपणे मांडले. पुढे बुन्युएलला मायदेशी चित्रपट करण्याची संधी मिळाली ती याच मंडळींच्या खटपटीमुळे.

तत्पूर्वी मेक्सिकोत त्याने गाल्दोसच्या ‘नासारीन’ (१८९५) या कादंबरीवर चित्रपट केला होता (१९५९). कादंबरीच्या अखेरीस ख्रिस्तासारखे जगू पाहणाऱ्या त्या पाद्र्याला ज्वराच्या भ्रमात साक्षात ख्रिस्त भेटतो. चित्रपटात ख्रिस्त येत नाही. बंदिवान म्हणून चालत निघालेल्या नासारीनला रस्त्यावरची एक बाई अननस देऊ करते. तो आधी नाकारतो, मग घेतो, आणि कालांदाचे ढोल वाजू लागतात. आपल्याकडे रूपांतराची चर्चा बहुधा मूळ कृतीवरील निष्ठेच्या निकषावर होते. येथे तो निकष अपुरा पडतो. कारण प्रसंग बदलूनही गाल्दोसने विचारलेला प्रश्न, म्हणजे निखळ सदाचरण या जगात शक्य आहे काय, तसाच उभा राहतो.

तोच प्रश्न ‘विरिदियाना’त (१९६१) अधिक निष्ठुरपणे येतो. यामागे गाल्दोसची ‘हाल्मा’ (१८९५) आहे. त्या कादंबरीतील उमराव घराण्यातली विधवा दीनदुबळ्यांसाठी आश्रम काढते आणि शेवटी नासारीनच्याच सल्ल्याने आपल्या नातलगाशी विवाह करते. बुन्युएलची नायिका मठात दीक्षा घेण्याच्या बेतात असलेली तरुणी आहे. तिने आश्रय दिलेले भिकारी घरात मद्यधुंद होऊन ख्रिस्ताच्या अंतिम भोजनाचे विडंबन करतात. विरिदियाना चुलतभावाच्या खोलीचे दार ठोठावते आणि आत जाते, हा मूळ शेवट अभ्यवेक्षकांना अमान्य झाला. बुन्युएलने तो बदलून विरिदियाना, तो भाऊ आणि मोलकरीण या तिघांना पत्ते खेळायला बसविले. हा शेवट अभ्यवेक्षकांनी चालवून घेतला. पहिल्यापेक्षा तो कितीतरी अधिक सूचक आहे, हे त्यांच्या ध्यानी आले नाही!

फ्रँकोच्या राज्यात काम करावयास गेल्याबद्दल निर्वासित प्रजासत्ताकवाद्यांनी त्याला आधीच दोष दिला होता. तो दोष निराधार होता असे म्हणवत नाही. परंतु उत्तर चित्रपटानेच दिले. कान येथे त्याला सर्वोच्च पारितोषिक विभागून मिळाले आणि ते स्वीकारावयास स्पेनचे चित्रपट-महासंचालक स्वतः मंचावर गेले. पाठोपाठ व्हॅटिकनच्या मुखपत्राने या कृतीचा धिक्कार केला. महासंचालकांचे पद गेले, चित्रपटावर बंदी आली आणि कागदोपत्री ‘विरिदियाना’ स्पॅनिश उरली नाही. निर्मितीत मेक्सिकन भांडवल असल्याने ती मेक्सिकोची कृती म्हणून जगभर फिरली. स्पेनमधील प्रेक्षकांना ती पाहता आली १९७७ मध्ये, फ्रँकोच्या निधनानंतर दोन वर्षांनी.

मधल्या काळात, १९७० मध्ये, तो गाल्दोसकडे पुन्हा वळला. ‘त्रिस्ताना’ (१८९२) या कादंबरीवरील चित्रपटास आधी परवानगी नाकारली गेली होती. ती मिळाल्यावर त्याने कथा माद्रिदमधून तोलेदोत आणली आणि काळही पुढे सरकवून १९३० च्या आसपासचा, म्हणजे आपल्या तारुण्याचा केला. त्यानंतरचे त्याचे चित्रपट फ्रेंच भाषेत आहेत. शेवटचा १९७७ चा. २९ जुलै १९८३ रोजी मेक्सिको शहरात त्याचा अंत झाला, मेक्सिकोचा नागरिक म्हणून.