तीन विधानसभा, एकच पुसद

मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठीत चुका झाल्या तर सांभाळून घ्या. आमचं गाव कळंब, यवतमाळ जिल्ह्यातलं, चिंतामणीचं. हिवाळ्यात नागपूरला अधिवेशन लागलं की यवतमाळकडून येणाऱ्या आमदारांच्या गाड्या आमच्या गावावरून सुसाट जातात. लहानपणी मला वाटायचं, आमदार म्हणजे तेवढंच. वसंतराव नाईक तर फक्त १ जुलैच्या कृषी दिनापुरते माहीत. या सुट्टीत आजीने विषय काढला, म्हणून शोधून वाचलं.

पुसद तालुक्यातल्या गहुली या बंजारा तांड्यावर १ जुलै १९१३ ला त्यांचा जन्म. शाळेसाठी या गावातून त्या गावात फिरले, मग नागपूरला मॉरिस कॉलेज आणि वकिली. १९४१ मध्ये वत्सला घाटे यांच्याशी आंतरजातीय लग्न केलं. त्या काळात! आपल्या हॉस्टेलमध्ये आजही या विषयावर आवाज खाली जातो.

१९५२ ला ते आमदार झाले, पण मध्य प्रदेशचे, कारण तेव्हा विदर्भ तिकडे होता आणि राजधानी नागपूर. १९५६ ला विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० ला महाराष्ट्रात आला. पुसद जागचं हललं नाही, विधानसभा मात्र तीन झाल्या. कन्नमवारांच्या निधनानंतर ५ डिसेंबर १९६३ ला नाईकसाहेब मुख्यमंत्री झाले आणि फेब्रुवारी १९७५ पर्यंत राहिले. अकरा वर्षांवर! एवढी सलग कारकीर्द राज्यात दुसऱ्या कुणाची नाही.

१९६५ मध्ये पुण्यात त्यांनी जाहीर सांगून टाकलं, की दोन वर्षांत राज्य धान्यात स्वयंपूर्ण झालं नाही तर मला फाशी द्या. संकरित ज्वारी आली, चार कृषी विद्यापीठं निघाली. पण १९७२ चा दुष्काळ पडला आणि लोकांना परदेशी लाल मिलो खावा लागला, हेही लिहायलाच हवं.

त्या दुष्काळात माझी आजी सतरा वर्षांची. खडी फोडायला जायची. सुकडी मिळायची, ती पदरात बांधून धाकट्या भावासाठी आणायची. अशी कामं सरकारची मेहेरबानी न राहता मजुराचा हक्क व्हावीत, ही कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. नाईकांच्या सरकारने ती उचलली आणि रोजगार हमी राज्याची योजना झाली. तिच्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला. सर, तुमच्या पगारातून दर महिन्याला कापला जातो ना, तोच! १९७७ ला विधिमंडळाने कायदा केला, २६ जानेवारी १९७९ ला तो लागू झाला. देशाला असा कायदा करायला २००५ उजाडलं.

कापूस एकाधिकार योजनाही त्यांच्याच काळातली. सगळा कापूस सरकारने घ्यायचा, व्यापाऱ्याने नाही. बाबा म्हणतात, भाव ठरलेला असायचा, पण चुकाऱ्यांसाठी चकरा माराव्या लागायच्या. योजना पुढे तोट्यात गेली, मोडली. आता बाबा कापूस थेट व्यापाऱ्याला देतात आणि भाव फोनवर बघतात.

नाईकसाहेब १९७७ ला वाशीममधून लोकसभेवर गेले आणि १८ ऑगस्ट १९७९ ला सिंगापूरला वारले. आजीला यातलं एकही साल माहीत नाही. तिने मला हाताचा अंगठा दाखवला, खडी फोडताना हातोडा लागून नख कायमचं वाकडं झालंय.