गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर पाण्याचा थेंब न् थेंब जपायचा, आज एसीच्या टॉवरवर पाणी वाफ होतंय

एप्रिल 2016. मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोचली आणि देशभर बातमी झाली. त्याच लातूरजवळच्या औशात जमिनीखाली 76 फूट बाय 50 फुटांची एक वास्तू आहे. तिचं छत म्हणजे वरच्या मोठ्या हौदाचा तळ. डोक्यावर एवढं पाणी असल्यावर मराठवाड्याचं ऊन खाली पोचणार कसं? आणि गारवा देऊनही पाणी वापरायला उरतंच.

औशाचा किल्ला बहमनी काळातला. पुढे तो मलिक अंबरच्या हातात आला आणि गावाला त्याच्या नावावरून अंबरापूर म्हटलं जाऊ लागलं.

हा माणूस मूळचा इथिओपियाचा. जन्म 1548 च्या आसपासचा, नाव चापू. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनला आला. इथे त्याला विकत घेतलं निजामशाहीचा पेशवा चंगेज खानाने (तो मंगोल नव्हे, हा वेगळा). मालक गेल्यावर अंबर मोकळा झाला आणि त्याने स्वतःची फौज उभी केली. 1600 मध्ये मुघलांनी अहमदनगर घेतलं तेव्हा त्याने परंड्याला नवा निजामशहा गादीवर बसवला. कारभार मात्र अंबरचाच. गनिमी काव्याने त्याने जहांगीरला इतकं छळलं की बादशहाने त्याला बाणाने मारतानाचं चित्र काढून घेतलं. प्रत्यक्षात काही ते जमलं नाही.

1610 मध्ये त्याने खडकीला राजधानी केली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. शहर वसवलं, पण पाणी? अंबरने उत्तरेच्या डोंगरातलं भूजल जमिनीखालच्या नहरीतून गावात आणलं. ना मोट, ना पंप, नुसता उतार. वरून झाकलेली, त्यामुळे उन्हाने पाणी उडून जायचा प्रश्नच नाही. पुढे याच शहरातल्या पाणचक्कीत नहरीचं पाणी आधी जातं फिरवायचं, मग हौदात पडायचं आणि हौदाखालचं दालन गार ठेवायचं. एकाच पाण्याची तीन कामं.

आता आजचं बघा. मोठी हॉस्पिटलं, मॉल यांच्या गच्चीवर जे कूलिंग टॉवर असतात ते पाण्याची वाफ करूनच गारवा देतात. एका टनाच्या एसीमागे तासाला साधारण 6 लिटर. 100 टनांची यंत्रणा पूर्ण क्षमतेने चालली तर 10 हजार लिटरचा टँकर 17 तासांत हवेत. शिवाय क्षार साचतात म्हणून काही पाणी गटारात सोडावं लागतं, आणि बोअरचं पाणी जड असेल तर जास्तच. तिथे सांडपाणी शुद्ध करून वापरता येतं, एसीच्या कॉइलवर जमणारं थेंबथेंब पाणी परत टॉवरमध्ये सोडता येतं. नळाचंच पाणी हवं असं काही नाही.

1624 मध्ये भातवडीला अंबरने मुघल आणि आदिलशाहीच्या एकत्र फौजेला हरवलं. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने होते. 1626 मध्ये, ऐंशीच्या घरात असताना तो गेला. खुलताबादला त्याची कबर आहे.