अक्षरे मोजणारा तत्त्वज्ञ : अल-किंदी

रमजान हा कुरआनचा महिना. रात्री तरावीहच्या नमाजात हाफिज कुरआनचे पठण करतात आणि महिनाभरात एक पूर्ण पठण पार पडते. या ग्रंथाचा एक शब्द, एक अक्षरही इकडचे तिकडे होऊ नये, म्हणून सुरुवातीच्या काळातील विद्वानांनी त्याची अक्षरे आणि शब्द मोजले, व्याकरण रचले, कोश तयार केले. अक्षरे मोजण्याची हीच सवय पुढे एका वेगळ्याच विद्येला उपयोगी पडली. त्या विद्येच्या प्रवर्तकाचे नाव अबू युसूफ याकूब इब्न इसहाक अल-किंदी.

अल-किंदींचा जन्म इ. स. ८०१च्या सुमारास इराकमधील कूफा येथे झाला. घराणे अरबांच्या प्रसिद्ध किंदा टोळीचे, वडील कूफ्याचे सुभेदार. पुढे ते बगदादला आले. खलिफा अल-मामूनच्या राज्यात तिथे ग्रीक, सिरियाक, फारसी आणि संस्कृत ग्रंथांची अरबी भाषांतरे होत होती. अल-किंदी या मंडळींत वावरले. पुढचा खलिफा अल-मुअतसिम याने आपल्या मुलाच्या शिक्षणासाठी त्यांचीच निवड केली. तत्त्वज्ञान, वैद्यक, संगीत, प्रकाशशास्त्र, ज्योतिष अशा विषयांवर त्यांनी अडीचशेच्या आसपास लहानमोठे ग्रंथ लिहिले. सत्य दूरच्या देशातून आले किंवा परक्या समाजाकडून आले, तरी ते स्वीकारण्यात कमीपणा नाही, अशी त्यांची धारणा होती.

ही धारणा त्यांनी आचरणातही आणली. भारतीय अंकपद्धतीवर त्यांनी चार भागांचा ग्रंथ लिहिला. दहाव्या शतकातील बगदादचे ग्रंथसूचीकार इब्न अल-नदीम यांनी भारतातील धर्मांची माहिती देणाऱ्या एका जुन्या लेखाचा उल्लेख केला आहे. त्यांच्या पाहण्यात आलेली त्याची प्रत अल-किंदींच्या हस्ताक्षरातली होती. आपल्या महाराष्ट्रावर राज्य करणाऱ्या राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट आणि तिथले भव्य देवालय यांचाही त्या माहितीत समावेश आहे.

पण संगणकाच्या जगात अल-किंदींचे नाव घेतले जाते ते गूढलेख उलगडण्यावरील त्यांच्या एका छोट्या ग्रंथामुळे. त्याचे हस्तलिखित इस्तंबूलच्या सुलेमानिया ग्रंथालयात शतकानुशतके पडून होते. १९८०च्या दशकात ते अभ्यासकांपुढे आले.

त्या काळी गुप्त पत्रे लिहिण्याची एक सोपी रीत होती. प्रत्येक अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा खूण लिहायची. अरबीत २८ अक्षरे. त्यांची अदलाबदल किती प्रकारे करता येईल? ३च्या पुढे २९ शून्ये, इतक्या प्रकारे! एकेक प्रकार तपासत बसले तर जन्म पुरणार नाहीत. त्यामुळे हे कुलूप अभेद्य वाटे.

अल-किंदींनी किल्ल्या तपासण्याचा नादच सोडला. ते भाषेकडे वळले. प्रत्येक भाषेत काही अक्षरे वारंवार येतात, काही क्वचित. मराठीत काना प्रत्येक ओळीत भेटतो, ‘ढ’ शोधावा लागतो. अल-किंदींनी साडेतीन हजारांहून अधिक अक्षरांचा अरबी मजकूर घेऊन मोजदाद केली. सर्वांत जास्त आला अलिफ, त्याखालोखाल लाम. मग गूढलेखातील खुणा मोजायच्या. जी खूण सर्वाधिक, ती बहुधा अलिफ. तिच्यानंतरची लाम. अशी चार-सहा अक्षरे हाती लागली की बाकीचे शब्द आपोआप उलगडू लागतात. पत्र फारच छोटे असेल तर मोजदाद फसू शकते, हेही त्यांनी नोंदवले. या पद्धतीचे आज उपलब्ध असलेले हे सर्वांत जुने वर्णन आहे.

यातला धडा आजही तितकाच ताजा आहे. किल्ल्यांची संख्या अफाट असली म्हणून कुलूप पक्के ठरत नाही. झाकलेल्या मजकुराचा साचा बाहेरून दिसत असेल, तर तीच फट. २०१३ साली अ‍ॅडोबी या सॉफ्टवेअर कंपनीच्या ग्राहकांची माहिती चोरीला गेली. पासवर्ड सांकेतिक रूपात होते खरे, पण दोघांचा पासवर्ड एकच असला तर त्याचे सांकेतिक रूपही एकच होत होते. अभ्यासकांनी मोजदाद केली. सर्वाधिक वेळा आलेले रूप कोणाचे? ‘१२३४५६’चे! हजार-बाराशे वर्षांनी पुन्हा अल-किंदींचीच रीत. म्हणून आता पासवर्ड साठवताना प्रत्येकात काही वेगळी, यदृच्छेने निवडलेली अक्षरे मिसळतात. संगणकतज्ज्ञ त्याला ‘सॉल्ट’, म्हणजे चक्क मीठ म्हणतात. मीठ पडले की सारख्या पासवर्डांचीही रूपे वेगळी होतात आणि मोजणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

अल-किंदींचे उत्तरायुष्य मात्र सुखाचे गेले नाही. खलिफा अल-मुतवक्किलच्या काळात दरबाराची हवा फिरली. मूसाचे पुत्र मुहम्मद आणि अहमद हे नामांकित यंत्रकार होते, पण मत्सरी. त्यांनी खलिफाचे कान भरले. अल-किंदींना मारहाण झाली आणि त्यांचा सारा ग्रंथसंग्रह या भावांनी ताब्यात घेतला. ज्ञानोपासकाचे याहून मोठे नुकसान ते कोणते?

पुढे काय घडले ते जुन्या चरित्रकारांनी नोंदवून ठेवले आहे. या भावांच्या देखरेखीखाली नवा कालवा खोदला गेला. त्यात चूक राहिली. कालव्याचे तोंड पुढच्या भागापेक्षा खोल खणले गेले, त्यामुळे नदीला पूर असेल तेव्हाच पाणी पुढे जाणार होते. बातमी खलिफापर्यंत पोहोचली. चूक खरी निघाली तर दोघांनाही कालव्याच्या काठावर सुळी देण्याची धमकी त्याने दिली. तपासणीसाठी बोलावले सनद इब्न अली या गणितज्ञाला. भाऊ त्याच्या पाया पडले.

सनद आणि अल-किंदी यांचे आपसात मुळीच पटत नसे. तरीही सनदने आधी अल-किंदींचे ग्रंथ परत करण्याची अट घातली. वैर आपल्या जागी, न्याय आपल्या जागी, अशी त्याची भूमिका होती. ग्रंथ परत गेले, पोहोचल्याची अल-किंदींच्या हातची पावती आली, मगच सनद पुढे बोलला. टायग्रिस नदी चार महिने भरलेली राहणार होती. तोवर चूक दिसणार नव्हती. त्याने खलिफापुढे ती झाकली आणि दोन जीव वाचवले. पाणी ओसरण्याआधीच, ८६१ साली, खलिफाची हत्या झाली.

अल-किंदी ८७३च्या सुमारास बगदादमध्ये वारले. ग्रंथांपैकी बरेचसे काळाच्या ओघात गेले, थोडे उरले.

कोणाविषयीचे वैर आपल्याला अन्यायाकडे ढकलू नये, ही कुरआनची शिकवण. कालव्यातली चूक पुराच्या पाण्याखाली झाकली जाते, तशा मनातल्या फटीही एरवी झाकलेल्या राहतात. रोजा त्या उघड्या करून दाखवतो. ज्याच्याशी आपले पटत नाही त्याच्या हक्काचे काही आपल्याकडे अडकले आहे का, एवढे या महिन्यात प्रत्येकाने तपासले, तरी पुष्कळ होईल.