जुन्या चाकाचे मोल आणि वालचंद हिराचंद

रस्त्यावरून नाहीशी झालेली मोटार हौशी लोकांच्या मनातून मात्र सहजासहजी जात नाही. ‘प्रीमियर पद्मिनी’चे तसेच झाले आहे. मुंबईतील या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने ३० ऑक्टोबर २०२३ रोजी निरोप घेतला. आज जुन्या मोटारींचे शौकीन तिची मूळ चौदा इंची पोलादी चाके शोधत फिरतात. गंज काढून, ठोकून सरळ करून, रंग देऊन पुन्हा विक्रीला आलेल्या चाकाची किंमत ठरवायची कशी, हा त्यांच्यातला नेहमीचा वाद आहे. विकणारा भंगाराचा भाव, कारागिराची मजुरी आणि रंगाचा खर्च यांची बेरीज मांडतो. घेणारा मात्र वेगळेच पाहतो. चाक फिरवल्यावर डगमगते का? बोल्टची भोके झिजून मोठी झाली आहेत का? टायर बसतो ती कड गंजाने खाल्ली आहे का? स्टेपनीसह पाचही चाके एकाच जातीची आहेत का? दुरुस्तीला झालेला खर्च म्हणजे वस्तूची किंमत नव्हे, हे या व्यवहाराचे पहिले सूत्र आहे.

ज्या माणसाच्या कारखान्यातून ही मोटार पुढे बाहेर पडली, त्या शेठ वालचंद हिराचंद यांचे चरित्र म्हणजे याच सूत्राची मोठी परीक्षा होती.

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबात झाला. मुंबई आणि पुणे येथे त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण झाले, पण पदवी हाती येण्यापूर्वीच ते व्यवसायात उतरले. कापूस आणि सावकारी या घरच्या धंद्यात त्यांचे मन रमले नाही. लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी करून त्यांनी रेल्वेची कंत्राटे घेण्यास सुरुवात केली. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून निघालेली ही वाट पुढे बोरघाटातील रेल्वे बोगद्यांपर्यंत पोहोचली. कंत्राटदाराला काम सुरू होण्याआधीच त्याची किंमत सांगावी लागते आणि अंदाज चुकला तर खिशातून भरावी लागते. हे शिक्षण वालचंदांना कोणत्याही महाविद्यालयापेक्षा अधिक उपयोगी पडले.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा ‘लॉयल्टी’ नावाचे एक जहाज विक्रीस निघाले होते. १८९१ मध्ये ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नावाने प्रशांत महासागरात प्रवासी वाहतूक सुरू करणारे सुमारे ६ हजार टनांचे हे जहाज पुढे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतले होते आणि युद्धात ते रुग्णनौका म्हणून वापरले गेले होते. जहाज जुने होते आणि रुग्णनौकेचे पुन्हा व्यापारी जहाज करणे खर्चाचे होते. वालचंद यांनी नरोत्तम मोरारजी यांच्यासारख्या सहकाऱ्यांना बरोबर घेऊन ते विकत घेतले. मार्च १९१९ मध्ये ‘सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन’ कंपनी उभी राहिली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली.

निव्वळ हिशेबाच्या वहीत पाहिले, तर हा सौदा फसला. चारच वर्षांत, १९२३ मध्ये, ‘लॉयल्टी’ मुंबईत भंगारात मोडली गेली. पण या जहाजामागे उभी राहिलेली कंपनी टिकली. भारतीय किनाऱ्यावरील वाहतूक हातात असलेल्या ब्रिटिश कंपन्यांनी दर खाली पाडून सिंदियाला जेरीस आणण्याचा प्रयत्न केला. कंपनी विकत घेण्याची तयारीही दाखवण्यात आली. सिंदियाने विक्रीला नकार दिला. मात्र १९२३ मध्ये अनेक निर्बंध घालणारा करार तिला मान्य करावा लागला. तोट्यातल्या धंद्याला गिऱ्हाईक चांगली किंमत देऊ करते, तेव्हा त्याला त्या धंद्याची किती धास्ती आहे हेही त्या किमतीतून कळते. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी यांच्या निधनानंतर वालचंद कंपनीचे अध्यक्ष झाले. विशाखापट्टणमच्या गोदीत बांधलेले ‘जलउषा’ हे जहाज १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरू यांच्या हस्ते पाण्यात उतरले, तेव्हा जुन्या जहाजापासून सुरू झालेला प्रवास नव्या जहाजापर्यंत येऊन ठेपला होता.

प्रत्येक वेळी त्यांना नकार देता आला असे मात्र नाही. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या सहभागाने त्यांनी बंगळूर येथे ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ हा विमान कारखाना काढला. युद्धाची झळ जवळ आल्यावर सरकारने १९४२ मध्ये त्यांचा हिस्सा विकत घेतला. पैसे मिळाले, पण स्वतः रुजवलेला कारखाना हातून गेला.

मोटारीचे स्वप्न सर्वांत लांबले. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी मोटार कारखान्याची योजना आखली होती आणि वालचंद तिच्या पाठीशी उभे होते. ब्रिटिश सरकारने युद्धाच्या काळात या उद्योगाला हात दिला नाही. अखेर १९४४ मध्ये ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ची स्थापना झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या सहकार्याने जुळणी केलेली वाहने बाहेर पडू लागली. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला.

१९४९ मध्ये पक्षाघाताचा झटका आल्याने वालचंद यांना कामकाजातून निवृत्त व्हावे लागले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. घराघरांत पोहोचलेली ‘फियाट ११००’ त्यानंतरच्या वर्षी आली आणि तिचे ‘पद्मिनी’ हे नामकरण तर १९७० च्या दशकातले. शौकीन आज जिची चाके शोधतात, ती मोटार तिच्या कारखान्याच्या संस्थापकाने पाहिलीच नाही.

त्यानंतरही किमतीचा प्रश्न या कारखान्याचा पिच्छा सोडत नव्हता. मोटारीची रास्त किंमत किती, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि न्यायालयाने त्यावर निकाल दिला. नव्या मोटारीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे, त्यामुळे जुन्या गाडीला मान होता आणि तिच्या डागडुजीला प्रतिष्ठा होती. मुंबई-पुण्याहून लोणारचे सरोवर पाहायला निघालेले कुटुंब आधी स्टेपनीतली हवा तपासून घेई. चाक बदलण्यापेक्षा ठोकून सरळ करण्याची सवय त्याच काळाने लावली.

जुन्या चाकाचा भाव करताना शौकिनांनी वालचंदांचा हा हिशेब ध्यानात ठेवायला हरकत नाही. खर्चाची बेरीज ही विकणाऱ्याची अडचण असते, ती किंमत नसते. वस्तू अजून किती वाट चालू शकेल आणि ती कोणाला हवी आहे, यावर तिचा भाव ठरतो. पण सगळे मोल भावात मावत नाही. ‘लॉयल्टी’ भंगारात गेली, तरी तिच्या पहिल्या सफरीचा ५ एप्रिल हा दिवस आज देशभर राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.