संत जोसेफ वाझ

गोमंतकांतील बाणावली गांवचें चर्च बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाच्या नांवें आहे. स्वतः मागें सरून लोकांस ख्रिस्ताकडे बोट दाखविणारा तोच हा योहान. त्याच चर्चांत 1651 सालच्या एप्रिल महिन्यांत जोसेफ वाझ यांचा बाप्तिस्मा झाला, हा योग मला अर्थपूर्ण वाटतो.

वाझ हें सांकवाळचें ब्राह्मण कुळांतील ख्रिस्ती घराणें. 1676 सालीं जोसेफ यांस याजकपदाची दीक्षा मिळाली आणि ते अनवाणी चालूं लागले. पुढील वर्षीं त्यांनीं देवमातेचा दास म्हणून स्वतःस वाहून घेणारा लेख लिहिला.

त्या काळीं लंकेंतील कॅथोलिकांची स्थिति करुणास्पद होती. 1658 सालीं जाफना वलंदेजांच्या हातीं पडल्यापासून तेथें याजकांस मज्जाव होता. 1687 सालीं फादर वाझ मजुराच्या वेषांत तेथें उतरले. कुलीन घरचा, विद्यासंपन्न पुरुष गळ्यांत जपमाळ घालून दारोदार भिक्षा मागूं लागला! जपमाळ पाहून कोणाची मुद्रा पालटते, यावरून गुप्त ख्रिस्ती ओळखावयाचे, हा त्यांतील हेतु. धर्मगुरूची खूण त्यांच्या अंगावर कोठेंच नव्हती. होती ती केवळ जपमाळ.

1692 सालीं ते कँडीस गेले असतां पोर्तुगीजांचे हेर समजून त्यांस कैदेंत टाकण्यांत आलें. पुढें त्या राज्यांत अवर्षण पडलें. परंपरा सांगते कीं, फादर वाझ यांनीं उघड्यावर वेदी मांडून क्रूस उभा केला, गुडघे टेकून प्रार्थना केली आणि विपुल पाऊस झाला. राजा विमलधर्मसूर्य प्रसन्न झाला. बंधुभगिनींनो, अशा वेळीं मनुष्याची खरी कसोटी लागते. मजसारख्या धर्मगुरूस प्रवचनाबद्दल दोन स्तुतीचे शब्द ऐकूनही दिवसभर बरें वाटतें, हें कबूल केलें पाहिजे. फादर वाझ यांनीं त्या राजकृपेंतून स्वतःकरितां कांहीं घेतलें नाहीं. धर्म शिकविण्याची मोकळीक तेवढी घेतली.

1697 सालीं कँडींत देवीची सांथ आली. राजा व धनिक शहर सोडून गेले. आप्तांनीं रोग्यांस टाकलें. फादर वाझ मागें राहिले. ख्रिस्ती कोण, बौद्ध कोण, हें न पाहतां त्यांनीं रोग्यांस अन्न भरविलें, त्यांच्या जखमा धुतल्या, मृतांस पुरलें. त्यांचा धर्म कोणता, हें कित्येकांनीं तेव्हां प्रथमच विचारिलें असावें.

पुढें पोपसाहेबांचे प्रतिनिधि तूर्नों पाँडिचेरीस आले असतां फादर वाझ यांस बिशप करण्याचा विचार निघाला. त्यांनीं तो नाकारिला. 1705 सालीं आलेल्या फादर जाकोम गोन्साल्विस यांचे सिंहली व तामिळ ग्रंथ पुढें प्रसिद्धि पावले. त्या तरुण सहकाऱ्याच्या लेखणीस फादर वाझ यांचेंच प्रोत्साहन होतें.

16 जानेवारी 1711 रोजीं कँडींतच त्यांनीं देह ठेविला. 2015 सालीं पोप फ्रान्सिस यांनीं कोलंबो येथें त्यांस संतपद दिलें. आमच्या ज्युबिलीनिमित्त कोणाचें नांव कोणत्या शिलेवर कोरावें, याची चर्चा गेले कित्येक महिने चालली आहे. लंकेच्या त्या धर्मदूताची कबर नेमकी कोठें, हें आज कोणास दाखवितां येत नाहीं.