मायकेल फॅरडे

नाशिकजवळ एकलहरे येथे उभारलेल्या वीजकेंद्राचे जनित्र ज्या तत्त्वावर चालते, ते शोधणाऱ्या मायकेल फॅरडे यांना गणित जवळजवळ येतच नव्हते.

१७९१ साली लंडनजवळ एका लोहाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. शिक्षण लिहिण्यावाचण्यापुरतेच. चौदाव्या वर्षी ते पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवार झाले. बांधणीला आलेली पुस्तके वाचता वाचता त्यांना विजेचे वेड लागले. १८१२ मध्ये हंफ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकून त्यांनी टिपणे काढली, स्वतः बांधली व डेव्हींकडे पाठविली. पुढील वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांना मदतनिसाची जागा मिळाली.

समीकरणे परकीच राहिली. पण चुंबकावर कागद ठेवून लोहकीस पसरला, की वक्र रेषा उमटत. त्यांतच त्यांना चुंबकाचे बल दिसे. १८३१ मध्ये तारेच्या वेटोळ्यात चुंबक सरकविताच वीजप्रवाह वाहिला. चुंबक स्थिरावताच थांबला. चुंबक हलता हवा, हे मर्म त्यांना प्रयोगातूनच गवसले.

कित्येक गणितज्ञांनी या बलरेषांना महत्त्व दिले नाही. जेम्स क्लार्क मॅक्सवेल या तरुणाने मात्र त्यांना गणिताचे रूप दिले. १८५७ साली, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, फॅरडे यांनी त्याला पत्र लिहिले आणि गणितज्ञांचे निष्कर्ष साध्या भाषेतही सांगता येणार नाहीत काय, असे नम्रपणे विचारले.